आजारी नसलेल्या गायीची डॉक्टर

गायीच्या डाव्या अंगाला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधे एक खळगा असतो, आपल्याकडे त्याला भकाळी म्हणतात. तिथे मूठ दाबून धरायची आणि घड्याळाकडे बघत दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. थोड्या वेळाने आतून काहीतरी येतं आणि मूठ बाहेर ढकलतं, घाईने नाही, कणकेचा मोठा गोळा कोणीतरी सावकाश उलटवतंय असं. मग सगळं परत सैल पडतं. गाय बरी असेल तर दोन मिनिटांत अशा दोन-तीन लाटा यायला हव्यात. एकही आली नाही तर हिने चारा सोडलाय हे मालकाने सांगायच्या आधी आपल्याला कळलेलं असतं.

हे आमच्या फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल. नीटची परीक्षा देऊन आलेली पोरं असतात, त्यातली बरीचशी शहरातली, गायीला आयुष्यात पहिल्यांदा हात लावणारी, ती आधी शेपटाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. आणि ज्यांच्या घरी चार म्हशी आहेत ती मागे उभी राहून गालात हसत असतात. पण गंमत अशी की त्यांनीही कधी मोजलेलं नसतं! रोज आंबोण ठेवलं, धार काढली, शेण उचललं, पण मूठ लावून मोजायचं कोणाच्या डोक्यात येणार, गाय ठणठणीत तर आहे.

माझं सगळं करिअर या "ठणठणीत तर आहे" मधे गेलंय. मी व्हेटरनरी फिजिओलॉजी शिकवते, मराठीत शरीरक्रियाशास्त्र, पण तसं कोणी म्हणत नाही, पोरं फिजिओ म्हणतात आणि आमच्या सोसायटीतले लोक "त्या जनावरांच्या डॉक्टर" म्हणतात आणि रविवारी सकाळी गोचिडं झालेला कुत्रा घेऊन येतात. त्यांचं चुकत नाही, डिग्री तीच आहे, व्हेटरनरी कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही आहे. फक्त क्लिनिकमधल्या माझ्या मैत्रिणीकडे येणारं जनावर आजारी असतं आणि माझ्याकडचं आजारी नसतं. तिला शोधायचं असतं काय बिघडलंय. मला शोधायचं असतं की हे इतकं सगळं रोज न बिघडता चालतं कसं.

या लाइनीला माणूस येतो कसा हे पोरं फार विचारतात म्हणून थोडक्यात सांगते. बीव्हीएससी अँड एएच, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्री, आता साडेपाच वर्षांचं आहे, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. पुढे एमव्हीएससी दोन वर्षं, पीएचडी कागदावर तीन (कागदावर!), मधे कुठेतरी नेटची परीक्षा, मग जागा निघायची वाट, मग असिस्टंट प्रोफेसर. महाराष्ट्रात हे शिक्षण जुनं आहे, परळचं मुंबई व्हेटरनरी कॉलेज १८८६ चं. मी शिकले तेव्हा आमची कॉलेजं कृषी विद्यापीठांच्या खाली होती, २००० साली नागपूरला माफसू, म्हणजे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, स्थापन झालं आणि कॉलेजं तिकडे गेली, त्यामुळे माझ्या सर्टिफिकेटांवर दोन वेगवेगळी बोधचिन्हं आहेत. आणि खरं सांगायचं तर एमव्हीएससीला मी फिजिओ मागितलंच नव्हतं. सगळ्यांना गायनॅक, सर्जरी, मेडिसिन हवं असतं कारण पुढे प्रॅक्टिस करता येते, माझा नंबर आला तेव्हा उरलेल्या जागांत हे होतं. घेतलं. घरी आई म्हणाली, म्हणजे तू इंजेक्शन देणार नाहीस? म्हटलं नाही. मग काय करणार? त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नव्हतं, आता देते.

कोठीपोटापासून सुरू करू, कारण आमच्या विषयात यापेक्षा भारी दुसरं काही नाही असं माझं मत आहे.

गाय गवत खाते हे पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं, पण गायीला गवत पचत नाही हे बऱ्याच मोठ्यांनाही माहीत नसतं. गवतात, कडब्यात जो मुख्य माल असतो तो सेल्युलोज, आणि तो तोडणारं एन्झाइम गायीच्या शरीरात तयारच होत नाही, तुमच्या माझ्याही नाही. मग ती करते काय तर पोटात एक मोठी टाकी बाळगते, तेच कोठीपोट. मोठ्या होल्स्टीन जातीच्या गायीत ही टाकी शंभर लिटरच्या वर जाते. आत तापमान ३९ डिग्रीच्या आसपास, ऑक्सिजन जवळजवळ नाही, दर मिनिटाला एक-दोनदा सगळं ढवळलं जातं (तीच ती मुठीला लागणारी लाट), वरून सतत नवीन चारा आणि पाणी. या टाकीत जंतू राहतात. किती? एका मिलिलिटरमधे सुमारे एक हजार कोटी बॅक्टेरिया. एका चमच्यात पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त.

हे जंतू सेल्युलोज फोडतात आणि त्यातून आम्लं बनवतात, ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. ॲसेटिक म्हणजे व्हिनेगरमधलंच. ही आम्लं कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि गायीला लागणाऱ्या ऊर्जेतला साठ-सत्तर टक्के भाग त्यातून येतो. आणि पुढची गोष्ट पोरांना सांगितली की वर्गात नेहमी दोन सेकंद शांतता होते, ती अशी की हे जंतू स्वतःच चाऱ्याबरोबर पुढे वाहत जातात, जाळीपोट, पडदेपोट आणि मग चौथं खरं पोट, जिथे आपल्यासारखं ॲसिड असतं, आणि तिथे गाय त्यांनाच पचवून टाकते. तिला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग या मेलेल्या जंतूंचा. म्हणजे शुद्ध शाकाहाराचं उदाहरण म्हणून आपण जिच्याकडे बोट दाखवतो ती दिवसरात्र जंतू पाळते आणि खाते.

याचं प्रॅक्टिकल मला अजूनही सगळ्यात आवडतं. कोठीपोटातलं पाणी, म्हणजे रुमेन लिकर, तोंडातून नळी घालून काढायचं, मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि थर्मासमधे भरून पळत लॅबमधे आणायचं, चहाचाच थर्मास, फक्त त्यावर लाल पेनाने मोठ्ठं लिहिलंय आणि तरी एका नवीन शिपाईमामांनी एकदा झाकण उघडलं होतं, असो. वास ताकासारखा आंबूस आणि त्यात भिजलेल्या गवताचा. थेंबभर कोमट स्लाइडवर घेतला की मायक्रोस्कोपखाली एकपेशीय प्राणी धावताना दिसतात, प्रोटोझोआ, काही लांबट, काही भोपळ्याच्या बीसारखे, अंगभर केस हलवत. स्लाइड गार झाली की ते मंदावतात, पाच-दहा मिनिटांत थांबतात. मग दुसरी टेस्ट, २० मिलि रुमेन लिकरमधे मिथिलीन ब्ल्यूचं पातळ द्रावण १ मिलि घालायचं. निळं होतं. स्टॉपवॉच लावायचं आणि बघायचं. जंतू तगडे असतील तर तीन ते सहा मिनिटांत निळा रंग उडतो आणि खाली मूळचा मळकट हिरवा परत येतो, जंतू मेलेले असतील तर निळं ते निळंच. काडीचा खर्च नाही. हीच टेस्ट गोठ्यात उभं राहून करता येते आणि गायीचं पोट किती चालू आहे ते सांगते.

आता लग्नसराई. आमच्याकडे एप्रिल-मे मधे क्लिनिकला ठरलेली केस येते, लग्नातलं उरलेलं जेवण. भात, पुऱ्या, बुंदी, टाकून कशाला द्यायचं, गायीच्या मुखी लागेल, पुण्य लागेल म्हणून घमेलंभर समोर ठेवतात, आणि गाय खाते की, गोड आहे, मऊ आहे. दुसऱ्या दिवशी गाय बसलेली, उठत नाही, डोळे खोल, पातळ आंबट वासाचं शेण. लोकांना वाटतं विषबाधा झाली, कोणी काही घातलं. कोणी काही घातलेलं नसतं. झालेलं असं असतं की स्टार्च आणि साखर इतकी एकदम आली की सेल्युलोज फोडणारे सावकाश काम करणारे जंतू मागे पडले आणि लॅक्टिक ॲसिड बनवणारे भराभर वाढले. पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) एरवी सहा ते सातमधे असतो, तो पाचाच्या खाली गेला, प्रोटोझोआ मेले, कोठीपोटाची हालचाल थांबली, रक्तातलं पाणी टाकीत ओढलं गेलं, ॲसिड रक्तात गेलं. मूठ लावली तर लाट नाही, नुसतं पाणी हेलकावतं.

आणि रोज असं का होत नाही, आम्लं तर रोजच बनतात? कारण लाळ. मोठी दुधाळ गाय दिवसाला शंभर लिटर किंवा त्याहूनही जास्त लाळ गिळते, वाचून खोटं वाटतं पण खरंय, आणि त्या लाळेत बायकार्बोनेट असतं, म्हणजे साधा खाण्याचा सोडाच समजा. लाळ येते चघळण्याने. गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते ते आळस म्हणून नाही, ती स्वतःला सोडा पाजत असते. म्हणून लांब काडीचा चारा लागतो. नुसता भरडा आणि पेंड दिली की चघळायला काही नाही, लाळ कमी, सोडा कमी, ॲसिड जास्त. शेतकऱ्याला "रुमेन पीएच" सांगून काही होत नाही, "रवंथ करताना दिसते का, किती गायी दुपारी बसून रवंथ करतायत ते मोजा" सांगितलं की होतं. आराम करत बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त तोंड हलवत नसतील तर मला काळजी वाटते.

या टाकीत नक्की काय चालतं हे कळायला माणसांनी फार पूर्वी सरळ भोक पाडून बघितलं. अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या ॲग्रिकल्चरल कॉलेजात शॉक आणि अमॅडन यांनी गायीच्या भकाळीत कायमचं छिद्र करून, त्यातून हात घालून, हालचाली बघून १९२८ साली सविस्तर लिहून ठेवलं. आजही फिस्च्युला केलेली गाय, म्हणजे कुशीला रबरी बूच बसवलेली, मोठ्या संस्थांत असते, बूच काढायचं, हात घालायचा, माल काढायचा, बूच लावायचं. बघणाऱ्याला कसंतरी होतं, पण ऑपरेशन भूल देऊन होतं आणि नंतर गाय वर्षानुवर्षं खाते, रवंथ करते, वासरं देते. असं काहीही करायचं तर आता संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि ती कमिटी प्रश्न विचारते आणि विचारायलाच हवेत. मी शिकले तेव्हा बेडूक होते. जिवंत बेडकाचा मेंदू सुईने निकामी करून त्याच्या मांडीचा स्नायू काढायचा, काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या ड्रमला सुई लावायची आणि करंट दिला की काळ्या कागदावर पांढरी टेकडी उमटायची, मग तो कागद वार्निशमधे बुडवून वाळत घालायचा. हातावर, नाकावर, डब्यावर काजळी. आता तो ग्राफ कॉम्प्युटरवर दिसतो. मला काजळीची आठवण येते, बेडकाची सुई मात्र पुन्हा नको.

बरं, दूध. गावात कोणी म्हणालं की "म्हैस पान्हा चोरते" तर तो बिचारीवर अन्याय आहे असं मी नेहमी सांगते. कासेत दूध दोन जागी असतं, थोडं खाली सडांच्या वरच्या पोकळीत, बाकीचं वर बारीक बारीक पिशव्यांत. खालचं लगेच निघतं. वरचं निघायला त्या पिशव्या कोणीतरी पिळायला लागतात, आणि पिळतात त्यांच्याभोवतीच्या जाळीसारख्या पेशी, आणि त्या पेशींना हुकूम मिळतो ऑक्सिटोसिनचा. वासराने ढुशी दिली, सड चोखला किंवा तुम्ही कोमट पाण्याने कास धुतली की ती जाणीव नसांमधून मेंदूत जाते, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं, वाहत वाहत कासेत येतं. गायीत याला मिनिटभर लागतो. आणि त्याचा असर चार-पाच मिनिटं, फार तर सात-आठ. म्हणून कास धुवून फोनवर बोलायला गेलात तर परत येईपर्यंत खेळ संपलेला असतो.

म्हशीत खालच्या पोकळीत दूध अगदी कमी, सगळं वरच्या पिशव्यांत, आणि पान्हा सुटायला गायीपेक्षा वेळ जास्त. म्हणजे ऑक्सिटोसिन आल्याशिवाय म्हैस जवळजवळ काहीच देऊ शकत नाही. त्यात धार काढणारा बदलला, कुत्रं भुंकलं, कोणी काठी मारली की ॲड्रिनलिन सुटतं, कासेकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, ऑक्सिटोसिन पोचतच नाही. चोरी नाही हो ती, भीती आहे. वासरू मेलं की जुने लोक कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवायचे, त्याच्यावर पुष्कळजण हसतात, पण फिजिओलॉजीच्या हिशोबाने ते शंभर टक्के बरोबर होतं, म्हशीला वास आणि नजर मिळाली की मेंदू आपलं काम करतो.

याच्या जागी आता काय आलंय ते सगळ्यांना माहीतेय, ऑक्सिटोसिनची बिनलेबलची छोटी बाटली आणि रोज दोन वेळा सुई. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नाही ते, तरी मिळतं. यावरून फॉरवर्ड फिरतात की ते दूध पिऊन मुली लवकर वयात येतात वगैरे, तर ऑक्सिटोसिन हा प्रथिनाचाच लहानसा तुकडा आहे, दुधातून पोटात गेलं तरी आपल्या जठरात-आतड्यात पचून जातं. नुकसान म्हशीचं होतं. रोज बाहेरून मिळायला लागलं की तिची स्वतःची यंत्रणा साद द्यायची कमी होते आणि मग सुईशिवाय पान्हाच नाही. भीती घालायचीच असेल तर खरी घाला, खोटी कशाला. तसंच ते देशी गायीच्या वशिंडातली सूर्यकेतू नाडी, सूर्यापासून सोनं बनवणारी. वशिंडात स्नायू असतो आणि चरबी असते. मी पोरांना म्हणते, नाडी सापडली तर आधी मला दाखवा, पेपर आपण दोघं मिळून लिहू.

आता रिसर्चकडे येते, कारण युनिव्हर्सिटीतली नोकरी म्हणजे अर्धं शिकवणं, अर्धं रिसर्च आणि उरलेलं अर्धं फॉर्म भरणं. (हो, तीन अर्धी होतात, तशीच असते ती.) कौन्सिलची तपासणी, प्रमोशनचे पॉइंट, अटेंडन्स, त्याबद्दल बोलत नाही, सगळ्याच प्राध्यापकांचं तेच रडगाणं आहे.

आमच्या विषयाचं बायबल म्हणजे ड्यूक्स. एच. एच. ड्यूक्स हे स्वतः व्हेटरनरीअन, अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत फिजिओलॉजीचे प्रोफेसर, त्यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९३३ ची आणि ते गेल्यावरही दुसऱ्यांनी नवीन आवृत्त्या काढत जिवंत ठेवलंय. त्यात मागे-पुढे तक्ते असतात, गायीचं नॉर्मल तापमान १०१.५ फॅरनहाइट, श्वास इतके, हृदयाचे ठोके इतके, रक्तात हे इतकं. पोरं घोकतात, मीही घोकलं. पण नोकरीच्या पहिल्याच मे महिन्यात मी दुपारी अडीचला कॉलेजच्या गोठ्यात थर्मामीटर घेऊन गेले आणि तक्त्याप्रमाणे बघितलं तर सगळ्या संकरित गायी आजारी! श्वास धाप लागल्यासारखे, ताप १०३ च्या वर. आणि सगळ्या खात होत्या, एकही आजारी नव्हती. पलीकडे दावणीला दोन देशी, देवणी जातीच्या गायी उभ्या होत्या, त्या रवंथ करत माझ्याकडे बघत होत्या, त्यांचे आकडे पुस्तकाच्या बरेच जवळ. कॉर्नेल जिथे आहे ते इथाका गाव, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं. ती नॉर्मल गाय त्या गावची. आमची मराठवाड्यातली, मे महिन्यातली, दुपारची गाय, तिचं नॉर्मल कुठल्या पानावर आहे? तिथून पुढची माझी सगळी वर्षं या एका प्रश्नात गेली म्हटलं तरी चालेल.

उष्णतेचा मामला समजायला एक आकडा उपयोगी पडतो, टीएचआय, तापमान आणि आर्द्रता मिळून काढलेला निर्देशांक. दुधाळ विदेशी गायीला ७२ च्या पुढे त्रास सुरू होतो असं धरतात, जास्त दूध देणारीला त्याच्याही आधी. आता गणित बघा. ३८ डिग्री आणि ३० टक्के आर्द्रता, म्हणजे आपली मे महिन्यातली कोरडी दुपार, आकडा येतो साधारण ८४. आणि ३० डिग्री, ८० टक्के आर्द्रता, म्हणजे जुलैमधली ढगाळ चिकचिक, तर आकडा साधारण ८३. एकाचा फरक! आपल्याला वाटतं पाऊस आला, गारवा आला, सुटलो, आणि गायीला काहीच सुटका नसते. कारण बाहेर एवढं गरम असताना अंगातली उष्णता टाकायला तिच्याकडे मुख्य मार्ग उरतो तो पाणी वाफ करण्याचा, घामातून आणि श्वासातून, आणि दमट हवा ती वाफ घेतच नाही. म्हणून मे मधे फॉगर, म्हणजे बारीक पाण्याचा फवारा, लावून फायदा झाला तोच फॉगर पावसाळ्यात पंख्याशिवाय चालू ठेवला की गोठ्याची भट्टी होते. हे मी किती शेतकऱ्यांना सांगितलंय त्याची मोजदाद नाही.

आणि धापा टाकण्याची आणखी एक किंमत आहे जी लाळेशी जाऊन भिडते. जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, मग रक्ताचा तोल राखायला मूत्रपिंड बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतं, वर तोंडातून लाळ गळून जमिनीवर जाते. म्हणजे सोडा दोन्हीकडून गेला. त्यात उन्हाने वैरण खात नाही, पण भरडा पटकन खाते. म्हणून उन्हाळ्यात ॲसिडोसिस, म्हणजे पोटात ॲसिड वाढण्याचा तो त्रास, वाढतो आणि पाठोपाठ दुधाचं फॅट पडतं, आणि डेअरीवर माणूस म्हणतो पाणी घातलं का दुधात.

देशी गाय इथे टिकते ती चमत्काराने नाही. कातडी पातळ, केस आखूड आणि चकचकीत, घामाच्या ग्रंथी मोठ्या, आणि मुख्य म्हणजे दूध कमी म्हणजे आतली शेगडीच लहान. म्हशीचं उलट, काळी कातडी, केस विरळ, घामाच्या ग्रंथी फार कमी, म्हणून ती डबकं शोधते. म्हशीचं डुंबणं हा तिचा स्वभाव नाही, तिची घाम यायची सोय आहे ती.

प्रयोग करताना सगळ्यात अवघड काय, तर लोकांना वाटतं मशीन. मशीन नाही, कंट्रोल ग्रुप. समजा मला बघायचंय की उन्हाळ्यात आंबोणात सोडा आणि मिनरल मिक्श्चर दिल्याने फरक पडतो का. मग सारख्या वयाच्या, सारख्या दुधाच्या, सारख्या वेताच्या बारा गायी घ्यायच्या, सहांना द्यायचं, सहांना नाही. ज्यांना दिलं नाही त्याच माझं मोजमाप, नाहीतर दूध वाढलं ते सोड्याने की मधे वळीव पडला म्हणून, कसं सांगणार? एका गावात मी असा प्रयोग लावला होता. दीड महिन्याने दोन्ही गटांचे आकडे सारखेच यायला लागले, मला काही कळेना. शेवटी त्या घरच्या आजींनी सांगितलं, अहो डॉक्टरीणबाई, ह्या सहांना रोज देताय आणि त्या सहा टकमक बघत उभ्या, त्यांनी काय पाप केलंय, म्हणून मी थोडं थोडं सगळ्यांना वाटते. चिडता पण येईना. तो प्रयोग गेला, आजींनी मला जेवू घालून पाठवलं. त्यानंतर प्रत्येक एमव्हीएससीच्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी सांगते की प्रोटोकॉल गाईडला नंतर समजाव, आधी धार काढणाऱ्या बाईला समजाव.

दुसरा एक प्रयोग दिवाळीने खाल्ला. चार महिने, दर पंधरा दिवसांनी, पहाटे सहा आणि दुपारी दोन, मानेच्या शिरेतून रक्त घेतलेलं, सेंट्रिफ्यूज करून वरचं पिवळसर सीरम छोट्या नळ्यांत भरून उणे २० च्या डीप फ्रीझरमधे, प्रत्येक नळीवर गायीचा नंबर आणि तारीख माझ्या हातची. सुट्टीत वीज गेली, जनरेटर सुरू करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, वीज परत आली, फ्रीझर परत गोठला. बाहेरून सगळं छान. फक्त नळ्या उभ्या ठेवल्या होत्या त्यातल्या काही आडव्या पडलेल्या आणि त्यातला बर्फ तिरका गोठलेला. तेवढ्यावरून कळलं की हे मधे वितळलं होतं. हॉर्मोनचे आकडे अशा सीरममधे काढता येतात, मशीन आकडा देतं, छापता पण आला असता पेपर. टाकून दिलं सगळं. ज्या विद्यार्थिनीचं ते काम होतं तिचा थिसिस एक वर्ष लांबला, ती माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

मिथेनचं कोणी ना कोणी विचारतंच म्हणून एवढंच, गायीचा मिथेन पादण्यातून नाही, बहुतेक सगळा ढेकरेतून येतो, कोठीपोटातले काही जंतू हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून तो बनवतात. हवामानाचं बाजूला ठेवलं तरी चाऱ्यातल्या ऊर्जेचा काही टक्के भाग असा हवेत जातो, म्हणजे शेतकऱ्याचे पैसेच. बेंगळुरूला आपली राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रिया संस्था आहे, तिथे यावर बरंच काम चालतं.

परवाचा फोन सांगते. माझा एक जुना विद्यार्थी सोलापूरकडे दवाखान्यात आहे. दुपारी तीनला फोन, मॅडम, पंढरपुरी म्हैस आहे, ताप १०४, धापा टाकतेय, मालक म्हणतोय तापाचं इंजेक्शन द्या, टोचू का? मी विचारलं, कान गार आहेत की गरम? गरम. थरथरतेय का? नाही. कुठे बांधली होती? पत्र्याच्या शेडच्या बाहेर, सावली सरकली आणि कोणी हलवली नाही.

ताप म्हणजे मेंदूतल्या थर्मोस्टॅटचं बटणच वर सरकवलेलं असतं, इन्फेक्शनमुळे. शरीराला वाटतं आपण गार पडलोय, मग ते थरथरतं, कानाचं रक्त आत ओढून घेतं, उष्णता साठवतं. ऊन लागलं की बटण जागच्या जागी असतं आणि शरीर तापलेलं, म्हणून ते जीव खाऊन उष्णता बाहेर टाकायला बघतं, धापा, गरम कान. तापाचं औषध बटण खाली आणतं. जे वर गेलंच नाही ते खाली काय आणणार? म्हटलं, इंजेक्शन राहू दे, सावलीत घे, अंगावर पाणी मारत राहा, पंखा असेल तर लाव, प्यायला पाणी ठेव आणि तासाभराने परत बघ. उतरला नाही तर मग रक्त काढ.

मालकाला ते काही पटलं नव्हतं, मागून त्याचा आवाज येत होता, एवढ्या लांबून डॉक्टर आणला आणि पाणी मारायला सांगतोय. सव्वाचारला मेसेज आला, "१०१.८, वैरण ओढायला लागली." खाली म्हशीचा फोटो, तलवारीसारखी लांब शिंगं, ओली चिंब, आणि फोटोच्या कोपऱ्यात पाइप धरलेला मालकाचा हात.